नवी प्रोसेस कमी खर्चात कशी सुरू करावी

काही वर्षांपूर्वी एक सर्व्हर माझ्याकडे देखभालीला आला. मेमरीत भलामोठा कॅशे (वारंवार लागणाऱ्या माहितीचा साठा) धरून उत्तरं देणं हे त्याचं मुख्य काम. मधूनच एखाद्या चित्राची लहान प्रत हवी असली की तो बाहेरची एक छोटी कमांड चालवायचा. तीच कमांड टर्मिनलवर हाताने चालवली की एंटर दाबतो न दाबतो तोच संपायची. सर्व्हरमधून चालवली की मात्र अख्खा सर्व्हर क्षणभर गोठायचा, आणि चित्रांशी काडीचा संबंध नसलेल्या विनंत्याही रांगेत ताटकळायच्या. दोन दिवस मी त्या कमांडच्याच मागे लागलो होतो. दोष तिचा नव्हताच. कॅशे फुगत फुगत १२ जीबीचा झाला होता, आणि कमांड सुरू करायची म्हणून सर्व्हर दर वेळी आधी स्वतःची नक्कल काढत होता.

नवी प्रोसेस, म्हणजे नवा चालता प्रोग्राम, महाग पडते का, या प्रश्नाचं उत्तर नव्या प्रोसेसकडे क्वचितच असतं. ते बहुतेक वेळा तिच्या पॅरेंटकडे, म्हणजे तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसकडे असतं. पुढचं सगळं लिनक्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. बाकीच्या युनिक्स घराण्याला त्यातलं बरंचसं लागू पडतं, विंडोजचं थोडं वेगळं आहे.

फोर्क नेमकं काय करतो

फोर्क म्हणजे चालू प्रोसेसने स्वतःची नक्कल काढणं; मूळ ती पॅरेंट, नक्कल ती चाइल्ड. ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६३ साली मांडली. युनिक्सने ती उचलली त्यामागे सोयीचा भाग मोठा होता. पीडीपी-७ या जुन्या संगणकावरच्या पहिल्या आवृत्तीत फोर्कला असेंब्लीच्या अवघ्या २७ ओळी लागल्या, असं युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांनी नोंदवून ठेवलं आहे. तेव्हाच्या प्रोसेस होत्याच एवढ्याशा की अख्खी नक्कल काढणं हा सर्वांत सोपा मार्ग होता.

आजचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) अख्खी मेमरी उचलून दुसरीकडे ठेवत नाही. कॉपी-ऑन-राइट नावाची युक्ती असते: पॅरेंट आणि चाइल्ड दोघी तीच पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) वापरतात, फक्त त्या पानांवर 'लिहायला मनाई' अशी खूण केली जाते, आणि कुणी लिहायला गेलंच तर तेवढ्या पानाची प्रत निघते. म्हणून 'फोर्क फुकट असतो' असं सर्रास सांगितलं जातं. तो फुकट नसतो. पानांची प्रत निघत नसली तरी पानांच्या यादीची, म्हणजे पेज टेबलची, निघतेच.

माझ्या सर्व्हरचा हिशेब करून बघू. नेहमीच्या ६४ बिट इंटेल-एएमडी यंत्रावर एक पान ४ केबीचं. १२ जीबी म्हणजे ३१,४५,७२८ पानं. दर पानामागे ८ बाइटची एक नोंद, म्हणजे फक्त नोंदींचेच २४ एमबी. एका छोट्या कमांडसाठी दर खेपेला एवढ्या नोंदी चाळायच्या, उतरवायच्या, पॅरेंटच्या नोंदींवरही मनाईची खूण मारायची. हे चाललेलं असताना पॅरेंटमधले मेमरी मागणारे इतर थ्रेड (एकाच प्रोसेसमध्ये समांतर चालणारी कामं) खोळंबतात. फोर्क झाल्यावर पॅरेंट ज्या ज्या पानावर पहिल्यांदा लिहील तिथे एक पेज फॉल्ट, म्हणजे कर्नलला मध्ये पडायला लावणारा अडथळा, तो हिशेब निराळाच. आणि चाइल्ड लगेच एक्झेक करून, म्हणजे स्वतःच्या जागी दुसरा प्रोग्राम चढवून, ही सगळी यादी टाकून देणार!

आधी मोजा

पहिली पायरी हीच, आणि टाळली जाते तीही हीच. तुमची प्रोसेस चालू असताना प्रॉक फोल्डरात तिच्या क्रमांकाखालची 'स्टेटस' फाइल उघडा. 'व्हीएमपीटीई' अशी एक ओळ दिसेल. पेज टेबलने अडवलेली जागा ती. आकडा काही शे केबी असेल तर फोर्कची चिंता सोडा आणि पुढच्या पायरीकडे जा. दहा-वीस एमबी असेल तर रोग सापडला.

यंत्राचा पायाभूत खर्च कळायला एक साधा प्रयोग पुरतो. बॅश या शेलमध्ये (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) 'ट्रू' ही काहीही न करणारी आज्ञा शेलच्या पोटातलीच आहे. तिची बाहेरची जुळी बहीण बिन फोल्डरात असते. एका लूपमध्ये पोटातली हजार वेळा चालवा, दुसऱ्या लूपमध्ये पूर्ण पाथ देऊन बाहेरची हजार वेळा, आणि दोन्हींवर 'टाइम' लावा. फरकाला हजाराने भागलं की एका प्रोसेसची किंमत हातात येते. हा आकडा माझ्या यंत्रावरचा ऐकून काही उपयोग नाही, तुमच्या यंत्रावरचाच काढा.

मोठ्या मेमरीची चाचणी करताना एक फसगत होते. प्रोग्रामने मॅलॉक या मेमरी मागायच्या फंक्शनने १० जीबी मागितले आणि त्यांना हातच लावला नाही, तर त्या पानांच्या नोंदीच तयार होत नाहीत आणि फोर्क अगदी चपळ दिसतो. प्रत्येक पानावर निदान एक बाइट लिहा आणि मगच मोजा. मी स्वतः यात फसलो आहे.

प्रोसेस लागतेच का

सर्वांत स्वस्त प्रोसेस म्हणजे न बनवलेली. शेल स्क्रिप्टमध्ये हे फार जाणवतं, कारण तिथे प्रोसेस दिसतच नाहीत. १०,००० लॉग फाइलींवर लूप फिरवला, आत नाव काढायला 'बेसनेम', काही बदलायला 'सेड' आणि वेळ टिपायला 'डेट', की झाल्या ३०,००० प्रोसेस. वर निकाल व्हेरिएबलात घेण्यासाठी कमांड सबस्टिट्यूशन वापरलंत तर तेही फोर्कनेच चालतं.

नाव तोडणं, शेपूट छाटणं, एका शब्दाच्या जागी दुसरा घालणं ही कामं बॅशचं पॅरामीटर एक्स्पान्शन स्वतःच करतं. वेळ छापायला बॅशच्या 'प्रिंटएफ'मध्ये सोय आहे. लूपच्या आत 'सेड' दिसला की तो लूपच्या बाहेर नेऊन सगळ्या ओळी एकदाच त्याच्यातून जातील असं करता येतं का, ते बघायचं. 'फाइंड'च्या 'एक्झेक' पर्यायाला शेवटी अर्धविराम दिला तर दर फाइलमागे एक प्रोसेस; अधिकचिन्ह दिलं तर एका प्रोसेसला शेकडो-हजारो नावं एकदम मिळतात. एका चिन्हाचा फरक, पण रात्रभर चालणारं काम जेवणाच्या सुट्टीत उरकतं. 'एक्सआर्ग्स'ही तेच करतो, आणि त्याला मोठ्या 'पी'चा पर्याय दिला की कामं समांतर चालतात.

एक लहानसं पण नेहमी उपयोगी: स्क्रिप्टचं शेवटचं काम जर दुसरा प्रोग्राम सुरू करणं असेल, तर त्याआधी 'एक्झेक' लिहा. शेल स्वतःच तो प्रोग्राम बनतो, मागे नुसतं वाट बघत बसलेलं शेल उरत नाही, आणि बाहेरून पाठवलेले सिग्नलही (प्रोसेसला दिलेले 'थांब'सारखे इशारे) थेट योग्य जागी पोचतात. कंटेनरमध्ये सर्व्हर बंद करताना तो दाद देत नाही अशी तक्रार येते, तिचं मूळ अनेकदा याच विसरलेल्या शब्दात असतं.

प्रोग्रामच्या आतून 'सिस्टम' किंवा 'पीओपन' बोलावणाऱ्यांसाठी: हे दोघे मध्ये एक शेल उभं करतात. म्हणजे एकाऐवजी दोन प्रोसेस, आणि आर्ग्युमेंटमध्ये वापरकर्त्याचा मजकूर असेल तर कमांड इंजेक्शनला, म्हणजे मजकुरातून परकी आज्ञा घुसवण्याला, आयतं दार. आर्ग्युमेंटांची यादी वेगवेगळी देता येते ते फंक्शन घ्या.

फोर्कऐवजी स्पॉन

प्रोसेस लागणारच आहे आणि तिच्यात दुसरा प्रोग्राम चालवायचा आहे, तर फोर्क आणि एक्झेक स्वतः लिहू नका. पॉझिक्स स्पॉन वापरा. (पॉझिक्स म्हणजे युनिक्स घराण्याचं सामाईक मानक.)

यामागे व्हीफोर्क आहे. तो १९७९ च्या सुमारास ३बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत आला. त्याची रीत वेगळी: चाइल्डला स्वतःची मेमरी मिळतच नाही, ती पॅरेंटच्याच मेमरीत, पॅरेंटच्याच स्टॅकवर (चालू फंक्शनांच्या नोंदींच्या जागेवर) चालते, आणि तिने एक्झेक किंवा अंडरस्कोरवाला एक्झिट करेपर्यंत बोलावणारा थ्रेड थांबून राहतो. पेज टेबलची नक्कल नाही, म्हणून पॅरेंट १२ एमबीचा असो की १२ जीबीचा, खर्च जवळपास सारखाच. धोका उघड आहे: चाइल्डने एखादं व्हेरिएबल बदललं की ते पॅरेंटचंच बदललं, आणि ती फंक्शनमधून परत फिरली तर पॅरेंटच्या स्टॅकचा सत्यानाश. २००८ च्या पॉझिक्समधून व्हीफोर्क काढून टाकला गेला तो उगाच नाही.

पॉझिक्स स्पॉन तोच वेग देतो आणि सुरी मात्र तुमच्या हातात देत नाही. ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीमध्ये २.२४ आवृत्तीपासून तो क्लोन या सिस्टम कॉलला (कर्नलकडे केलेल्या मागणीला) मेमरी वाटून घेण्याचा आणि व्हीफोर्कसारखं थांबण्याचा असे दोन फ्लॅग देतो, चाइल्डसाठी वेगळा स्टॅक काढतो, सिग्नल अडवून धरतो. मॅकओएसवर तर तो स्वतंत्र सिस्टम कॉलच आहे.

वापरायची रीत अशी. आधी एक 'फाइल अ‍ॅक्शन्स' वस्तू तयार करायची. चाइल्डमध्ये कोणती फाइल उघडायची, कोणती बंद करायची, कोणता डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीचा क्रमांक) कुठे जोडायचा, हे तिच्यात क्रमाने नोंदवायचं. क्रम महत्त्वाचा, कारण कामं त्याच क्रमाने होतात. पाइपचं (दोन प्रोसेसना जोडणाऱ्या नळीचं) लिहिण्याचं टोक डिस्क्रिप्टर १ वर, म्हणजे प्रोग्राम निकाल छापतो तिथे, हवं तर 'डुप टू'ची नोंद घालायची. कामाची डिरेक्टरी बदलायची असेल तर ग्लिबसी २.२९ पासून त्याचीही नोंद घालता येते. मग 'अ‍ॅट्रिब्यूट्स' नावाची दुसरी वस्तू: प्रोसेस ग्रुप, सिग्नल मास्क (अडवलेल्या सिग्नलांची यादी), कोणते सिग्नल मूळ वर्तनावर आणायचे. शेवटी दोन्ही वस्तू, प्रोग्रामचा पाथ, आर्ग्युमेंट आणि एन्व्हायरन्मेंट देऊन स्पॉन बोलवायचा. तो चूक एर्नो या नेहमीच्या व्हेरिएबलात ठेवत नाही, चुकीचा क्रमांक थेट परत देतो. शून्य आलं नाही तर तोच आकडा तपासा. प्रोग्रामच सापडला नाही, हेही ग्लिबसीवर इथेच कळतं. फोर्क-एक्झेकमध्ये हीच बातमी चाइल्डकडून पॅरेंटला कळवायला वेगळा पाइप टाकावा लागायचा.

सिग्नलांकडे दुर्लक्ष होतं, म्हणून थोडं थांबून सांगतो. एक्झेकनंतर तुमचे सिग्नल हँडलर (सिग्नल आला की चालणारी फंक्शनं) गळून पडतात, पण 'इग्नोर' केलेले सिग्नल इग्नोरच राहतात, आणि ब्लॉक केलेले ब्लॉकच. सर्व्हरने सिगपाइप (वाचणारं कुणी नसलेल्या पाइपात लिहिलं की येणारा सिग्नल) इग्नोर केलेला असला की त्याने सुरू केलेला प्रत्येक प्रोग्राम तो वारसा घेऊन जन्माला येतो. मग 'हेड'ने दहा ओळी घेऊन पाइप बंद केला तरी मागचा प्रोग्राम मरत नाही, एक तर त्रुटी ओरडत सुटतो नाही तर त्रुटी न बघता लिहीत राहतो. अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये सिगपाइप मूळ वर्तनावर आणा आणि मास्क रिकामा द्या.

सी न लिहिणाऱ्यांना यातलं बरंच आयतं मिळतं. गोने १.९ पासून लिनक्सवर हाच मार्ग धरला. जावा १३ पासून लिनक्सवर पॉझिक्स स्पॉनच वापरते. पायथनचं 'सबप्रोसेस' मॉड्यूल ३.१० पासून शक्य तिथे व्हीफोर्क वापरतं. मात्र तुम्ही 'प्रीएक्झेक फंक्शन' दिलंत की ते मुकाट्याने फोर्कवर परत येतं, कारण तुमचा पायथन कोड चाइल्डमध्ये चालवायचा तर दुसरा इलाज नाही. बहुतेक वेळा ते फंक्शन नवं सेशन सुरू करण्यापुरतंच लिहिलेलं असतं, आणि त्यासाठी 'स्टार्ट न्यू सेशन' हे आर्ग्युमेंट आधीपासूनच आहे. माझ्या सर्व्हरचं दुखणं हेच होतं. जुनी आवृत्ती आणि वर प्रीएक्झेक.

डिस्क्रिप्टरांची गळती

चाइल्डला पॅरेंटचे सगळे उघडे डिस्क्रिप्टर मिळतात, जोपर्यंत तुम्ही नको म्हणत नाही. यातून होणारा घोटाळा मोठा छळवादी असतो. पॅरेंटने पाइप बनवला, त्याच्या लिहिण्याच्या टोकाची एक प्रत दुसऱ्याच कुठल्या चाइल्डकडे गेली. वाचणारी बाजू पाइप संपण्याची वाट बघते, पण लिहिणारं एक टोक त्या भलत्या प्रोसेसच्या खिशात अजून उघडं आहे. शेवट येतच नाही. प्रोग्राम लटकतो, आणि तोही कधीतरीच.

जुना उपाय म्हणजे चाइल्डमध्ये ३ पासून मर्यादेपर्यंतचे सगळे डिस्क्रिप्टर एकेक करून बंद करायचे. मर्यादा १० लाख असेल तर तेवढे सिस्टम कॉल. काही कंटेनरमध्ये ही मर्यादा अशीच अवाढव्य असते आणि साधी कमांड सुरू व्हायला विनाकारण वेळ जातो. लिनक्स ५.९ मध्ये आलेला 'क्लोज रेंज' हे काम एका कॉलमध्ये करतो.

त्याहून बरी सवय म्हणजे प्रत्येक डिस्क्रिप्टर जन्मतःच क्लोज-ऑन-एक्झेक (एक्झेक होताच आपोआप बंद होणारा) करणं. फाइल उघडतानाच तो फ्लॅग द्या. आधी उघडून मग एफसीएनटीएलने लावू नका. त्या दोन ओळींच्या मधल्या फटीत दुसऱ्या थ्रेडने फोर्क केला की गळती झालीच. जे चाइल्डला मुद्दाम द्यायचे आहेत त्यांच्यासाठी 'डुप टू' पुरतो, कारण त्याने बनवलेल्या प्रतीवर हा फ्लॅग राहत नाही.

थ्रेड असताना फोर्क

शक्यतो करू नका. फोर्कनंतर चाइल्डमध्ये फक्त बोलावणारा थ्रेड उरतो. बाकीचे गायब, पण त्यांनी लावलेली कुलुपं तशीच. एखादा थ्रेड मॅलॉकच्या किंवा लॉगिंगच्या लॉकमध्ये असताना फोर्क झाला तर ते कुलूप चाइल्डमध्ये उघडणारं कुणी नसतं. म्हणून अशा चाइल्डमध्ये एक्झेक होईपर्यंत सिग्नल हँडलरमध्ये चालतील तेवढीच फंक्शनं चालतात, साधा प्रिंटएफसुद्धा नाही. पायथन ३.१२ पासून थ्रेड असताना फोर्क केला की इशारा देतं, आणि ३.१४ मध्ये 'मल्टिप्रोसेसिंग'ने लिनक्सवर फोर्क ही मूळ पद्धतच सोडून फोर्कसर्व्हर (फोर्क करण्यासाठीच ठेवलेली वेगळी प्रोसेस) धरला.

फोर्क जिथे खरंच शोभतो

फोर्कला मी इथवर बरंच झोडपलं, पण एका कामात त्याला तोड नाही: महागडी तयारी एकदा करायची आणि तयार प्रोसेसच्या प्रती वाटायच्या. अँड्रॉइडचा झायगोट हे त्याचं ठळक उदाहरण. फोन सुरू होताना तो नेहमी लागणारे क्लास आणि रिसोर्स मेमरीत चढवून बसतो. तुम्ही अ‍ॅप उघडलं की त्याचा फोर्क होतो आणि एक्झेक होतच नाही. तयार मेमरी सगळ्या अ‍ॅपमध्ये वाटली जाते.

सर्व्हरमधला वर्कर पूल याच तत्त्वावर चालतो. लायब्ररी चढवा, कॉन्फिगरेशन वाचा, मग वर्कर फोर्क करा. पण डेटाबेसची कनेक्शनं, थ्रेड आणि यादृच्छिक अंकांचं बीज या तिन्ही गोष्टी फोर्कच्या नंतर. कनेक्शन आधी उघडलंत तर दोन वर्कर एकाच सॉकेटवर एकमेकांची उत्तरं वाचतील. बीज आधी पेरलंत तर सगळे वर्कर तेच 'यादृच्छिक' टोकन काढतील. गणिती काम असेल तर वर्कर सीपीयूच्या कोअरइतके, त्याहून जास्त ठेवून हाती काही लागत नाही. वाट बघण्याचं काम जास्त असेल तर वाढवून मोजत जा.

पायथनमध्ये एक खोच आहे. नुसती वस्तू वाचली तरी तिचा रेफरन्स काउंट (ती किती ठिकाणी वापरात आहे तो आकडा) बदलतो, म्हणजे पानावर लिहिलं जातं, आणि वाटून घेतलेली मेमरी हळूहळू सुटी होत जाते. नको झालेली मेमरी गोळा करणारा गार्बेज कलेक्टरही पानांना हात लावतो. त्याच्यापुरता इलाज म्हणून ३.७ पासून 'जीसी फ्रीझ' आहे, तो फोर्कच्या अगदी आधी बोलवा.

पॅरेंट अवाढव्य आहे आणि स्पॉनही वापरता येत नाही, अशी अडचण असेल तर एक मदतनीस ठेवा. प्रोग्राम सुरू होताच, कॅशे भरण्याआधी, थ्रेड सुरू होण्याआधी एक छोटी प्रोसेस फोर्क करायची आणि तिच्याशी युनिक्स सॉकेटने बोलायचं. कमांड चालवायची की तिला सांगायचं. फोर्क ती करेल, आणि तिचं अंग हलकं असल्याने ते स्वस्त पडेल. डिस्क्रिप्टरही त्याच सॉकेटवरून तिच्याकडे देता येतात.

विंडोज

तिथे फोर्क नाहीच. 'क्रिएट प्रोसेस' प्रोग्राम थेट नव्या मेमरीत सुरू करतो, त्यामुळे पॅरेंटच्या आकाराचा प्रश्न उरत नाही. मात्र प्रोसेस सुरू होणं लिनक्सपेक्षा जड असतं, आणि अँटिव्हायरस प्रत्येक प्रोग्रामला उंबऱ्यावर अडवत असेल तर अजूनच. तिथे पूल आणि थ्रेड यांकडे लवकर वळा. हँडल (डिस्क्रिप्टरांचा तिथला अवतार) वारशाने द्यायचेच असतील तर सरसकट परवानगी न देता हँडलांची नेमकी यादी द्या.

मागचं आवरणं

संपलेल्या चाइल्डचा निकाल पॅरेंटने वेट या कॉलने उचलला नाही तर ती झॉम्बी होऊन प्रोसेस टेबलात पडून राहते. मेमरी खात नाही, पण क्रमांक अडवते. लिनक्सची क्रमांकांची जुनी मूळ मर्यादा ३२,७६८ आहे. ती तशीच असेल तर दिवसाला काही हजार झॉम्बी साठले की आठवड्याभरात नवी प्रोसेस बनेनाशी होते. निकालाशी देणंघेणं नसेल तर सिगचाइल्ड (चाइल्ड संपल्याचा सिग्नल) इग्नोर करा, कर्नल स्वतः साफ करेल. कमांडवर वेळेची मर्यादा घालणार असाल तर तिला वेगळ्या प्रोसेस ग्रुपमध्ये सुरू करा आणि मारताना अख्ख्या ग्रुपला सिग्नल द्या, नाहीतर तिची नातवंडं मागे उरतात.

बदल केल्यावर सर्व्हर दिवसभर चालू द्या आणि संध्याकाळी दोन गोष्टी बघा: 'पीएस'च्या स्थितीच्या रकान्यात किती ठिकाणी 'झेड' दिसतो, आणि प्रॉकमधल्या 'एफडी' फोल्डरात सकाळच्या तुलनेत किती नोंदी वाढल्या.